पाणी आहे, खतावणी नाहीं

पिंपरी-चिंचवडच्या नागरिकांस एक दिवसाआड पाणी देण्याचा क्रम २५ नोव्हेंबर २०१९ रोजीं सुरू झाला. ही व्यवस्था तात्पुरती आहे असें त्या वेळीं सांगण्यांत आलें होतें. त्यानंतर पावसाळे आले आणि गेले. पवना धरण भरलें, सांडव्यावरून पाणी वाहून गेलें, पुढाऱ्यांनीं खणानारळानें जलपूजनें केलीं, वर्तमानपत्रांत त्याचीं छायाचित्रें आलीं. परंतु ती तात्पुरती व्यवस्था वर्षानुवर्षें चालूच राहिली. मौज ही कीं, ज्या सालीं हा क्रम सुरू झाला त्या २०१९ च्या पावसाळ्यांत धरण कांठोकांठ भरलें होतें. आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार, ही म्हण आपण सारे लहानपणापासून ऐकत आलों. या शहराची गोष्ट निराळी आहे. येथें आडांत आहे, पोहराहि लहान नाहीं. पण पोहरा वर येईपर्यंत पाणी कोठें गेलें हें विचारावें तर उत्तर देणारा कोणी भेटत नाहीं.

आमच्या वाचकांत व्यापारी बंधु पुष्कळ आहेत. त्यांस आम्ही एक साधा प्रश्न विचारतों. ज्या पेढीवर रोजकीर्द लिहिली जात नाहीं, खतावणी होत नाहीं, दिवाळीस ताळेबंद निघत नाहीं, अशा पेढीचा मालक भांडवल कमी पडतें म्हणून सावकाराच्या दाराशीं गेला, तर सावकार त्यास काय म्हणेल? आधीं चोपड्या दाखव, असेंच म्हणेल. आमची महानगरपालिका व राज्याचें जलसंपदा खातें हीं दोघेंहि गेलीं कित्येक वर्षें नव्या भांडवलाची भाषा बोलत आहेत. आणखी एका धरणांतला वांटा हवा, आणखी एक नळ हवा, आणखी इतके कोटी रुपये हवेत, अशी मागणी दर वर्षीं होते. धरणांतून किती पाणी सुटलें, वाटेंत किती मुरलें, कोणी किती उचललें, नळांत किती शिरलें आणि घरांत किती पोंचलें, याची एक चोपडी सामान्य मनुष्यास वाचतां येईल अशा रीतीनें एका ठिकाणीं मांडलेली मात्र आमच्या दृष्टीस पडलेली नाहीं.

या मुलखास ओला म्हणावें कीं कोरडा, हाच पहिला घोळ आहे. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर वर्षास चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेस चालूं लागलें कीं कोसाकोसास तो उतरत जातो. पुण्यास सातशेंच्या आसपास येतो, आणि चाकणच्या पलीकडे शिरूरच्या बाजूस पांचशेंच्या घरांत जातो. पवना, इंद्रायणी, आंद्रा, भामा या साऱ्या नद्या ओल्या डोक्याच्या आणि कोरड्या पायांच्या आहेत. कारखाने येऊन बसले ते या उतरणीच्या मध्यावर. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मागाहून टेल्को व बजाज आल्या. या शतकांत चाकणास महिंद्र, फोक्सवॅगन, मर्सिडीज यांचे कारखाने उभे राहिले. १९७० सालीं भोसरी, आकुर्डी, चिंचवड व पिंपरी या चार गांवांची मिळून नगरपालिका झाली. १९८२ सालीं तिची महानगरपालिका झाली. २०११ च्या खानेसुमारींत तिची लोकसंख्या १७ लक्ष २७ हजारांवर गेली, आणि आज ती तीस लक्षांच्या घरांत असावी असा सर्वसाधारण अंदाज आहे. चार खेड्यांच्या विहिरींवर भागणारी वस्ती दोन पिढ्यांत येथवर आली. तिला पाण्याची ओढ लागावी यांत नवल नाहीं.

आतां थोडें गणित करूं. शहरास दररोज सुमारें ६०० दशलक्ष लिटर पाणी पुरविलें जातें. त्यांतील बहुतेक पवनेचें. तें रावेतच्या बंधाऱ्यावरून उचलून घेतात. तीस लक्ष लोकांत हें पाणी वांटलें तर दरडोई २०० लिटर पडतें. भुयारी गटारें असलेल्या शहरांस दरडोई १३५ लिटर पुरे, असें सरकारी मोजमाप आहे. त्या मापानें या शहरास ४०५ दशलक्ष लिटर लागावें. इस्पितळें, शाळा, खाणावळी, दुकानें यांची गरज त्यावर धरली, आणि लोकसंख्येचा अंदाज थोडा चुकला असें मानलें, तरीहि बऱ्याच पाण्याचा कांहीं खुलासा लागत नाहीं. कारखान्यांकडे बोट दाखवावें तर औद्योगिक विकास महामंडळ आपलें पाणी पवनेंतून वेगळें उचलतें. तें या हिशेबांत नाहीं. तेव्हां हें पाणी जुन्या गळक्या नळांतून जमिनींत जातें, चोरट्या जोडण्यांतून जातें, कीं एका भागास अधिक आणि दुसऱ्यास कमी अशा वांटणींत जातें? तिन्ही थोडथोडें असेल. परंतु कोणतें किती, हें ठाऊक असल्यावांचून शंभर दशलक्ष लिटरांचें नवें पाणी आणणें म्हणजे भोंक पडलेल्या घागरींत दुसऱ्या विहिरीचें पाणी ओतणें होय. आणि या घोटाळ्याचा भार पडतो तो कोणावर? ज्या गृहसंस्थेची टांकी मोठी तिला दिवसाआड पाण्याची झळ फारशी लागत नाहीं. ती उरलेली तूट टँकर मागवून भागविते. ज्याच्या घरांत दोन पिंपांपलीकडे सांठा ठेवण्यास जागा नाहीं त्या कामकऱ्याच्या बायकोस मात्र पाणी येण्याच्या घटकेस घरीं राहण्यासाठीं मजुरी बुडवावी लागते.

हें झालें नळाच्या या टोंकाचें. त्या टोंकाची हकीकत अधिक कष्टाची आहे.

पवना धरण सुमारें साडेआठ टीएमसीचें. एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, लिटरांत सांगावयाचें तर सुमारें २,८३० कोटी लिटर. धरणाच्या पायथ्याशीं दहा मेगावॉटचें लहानसें वीजघर आहे. तेथून पाणी नदीच्या पात्रांत पडतें आणि सुमारें ३५ किलोमीटर वाहत रावेतला येतें. वाटेंत ऊन त्यांतलें थोडें नेतें, कांठच्या गांवांचें सांडपाणी त्यांत मिसळतें, आणि शेतकरी आपल्या पंपानें उचलतो. पंपाचें हें उचलणें म्हणजे चोरी नव्हे. पात्रांतलें पाणी हाच त्याचा कालवा आहे. धरणापासून थेट बंद नळ टाकावा म्हणजे पाणी स्वच्छ राहील, नासाडी टळेल, उताराचा लाभ मिळून पंपाची वीजहि वांचेल, अशी योजना महापालिकेनें २००८ सालीं हातीं घेतली. इंजिनेराच्या कागदावर ती योजना चुकीची नाहीं, हें आम्ही स्पष्टपणें सांगतों. पण ज्यांच्या जमिनीखालून नळ जावयाचा आणि ज्यांच्या दारची नदी कोरडी पडावयाची, त्यांच्याशीं बोलणें राहून गेलें. ९ ऑगस्ट २०११ रोजीं मावळांतील बऊर येथें द्रुतगति मार्गावर शेतकऱ्यांचा जमाव जमला, पोलिसांनीं गोळ्या झाडल्या, आणि तीन शेतकरी मेले. त्यांत एक स्त्री होती. दैवदुर्विलास असा कीं, पिण्याच्या पाण्याच्या खालोखाल उद्योगांस दिलेलें स्थान काढून तें शेतीस देण्याचा निर्णय राज्य सरकारनें याच २०११ सालीं घेतला होता. योजनेस स्थगिती मिळाली. ती २०२३ च्या सप्टेंबरांत उठविण्यांत आली. मावळचा विरोध मात्र उठला नाहीं.

तो कां उठावा? धरणासाठीं ज्यांचीं शेतें बुडालीं त्यांतील आठशेंहून अधिक खातेदारांच्या पर्यायी जमिनीचा प्रश्न धरण उभें राहून पन्नास वर्षें लोटलीं तरी सुटलेला नव्हता. धरण उशाला आणि कोरड घशाला, असें मावळांत म्हणतात तें विनोदानें नव्हे. ज्या सावकाराचें जुनें देणें दोन पिढ्या थकलें आहे, त्याच्याचकडे नवी उचल मागण्यास कोणता शहाणा व्यापारी जाईल? आमचें म्हणणें असें आहे कीं, नळाची पहिली कुदळ पडण्यापूर्वीं तीन गोष्टी लिहून झाल्या पाहिजेत. बुडालेल्या खातेदारांस जमीन कोणत्या तारखेस मिळणार, ती तारीख. बेबडओहोळ, शिरगांव, गहुंजे या बाजूस नदीच्या पात्रांत बारा महिने किती पाणी वाहतें ठेवणार, तो आंकडा. आणि बंद नळामुळें जें पाणी वांचणार म्हणतात तें वांचलेलें पाणी कोणाच्या मालकीचें, त्याचें उत्तर. या तिसऱ्या प्रश्नाकडे कोणाचें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. वस्तुतः सारें भांडण त्याचेंच आहे. वांचलेलें सगळें शहराचें, असें धरलें तर मावळच्या शेतकऱ्यानें नळास वाट कां द्यावी?

परंतु एका साडेआठ टीएमसीच्या धरणावर शहर व खेडें यांनीं एकमेकांचीं डोकीं फोडीत बसावें, आणि त्याच घाटमाथ्यावर त्याच्या पांचपट पाणी दरसाल पश्चिमेस कड्याखालीं उतरतें त्याविषयीं दोघांनींहि मौन धरावें, हें आम्हांस विलक्षण वाटतें. टाटांच्या जलविद्युत् योजनांची ही गोष्ट जुनी आहे. मुंबईच्या गिरण्यांस वीज पुरविण्यासाठीं खोपोलीचें वीजघर १९१५ सालीं, भिवपुरीचें १९२२ सालीं आणि भिऱ्याचें १९२७ सालीं चालू झालें. त्यांकरितां लोणावळा, वळवण, शिरवता, ठोकरवाडी, मुळशी येथें धरणें बांधून पूर्ववाहिनी नद्यांचें पाणी बोगद्यांनीं व नळांनीं कोंकणांत पाडलें. मुळशीच्या मावळ्यांनीं सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं १९२१ ते १९२४ सत्याग्रह केला. धरण झालेंच, आणि गांवें बुडालीं. पुढें कृष्णा पाणीतंट्याचा निवाडा झाला. बच्छावत लवादानें उर्ध्व भीमेच्या खोऱ्यांतून या कामासाठीं बाहेर नेण्याच्या पाण्यास मर्यादा घालून दिली: कोणत्याहि एका वर्षांत ५४.५ टीएमसी, आणि लागोपाठच्या पांच वर्षांत मिळून २१२ टीएमसी. सरासरी काढली तर वर्षास ४२.४ टीएमसी पडते. पिंपरी-चिंचवडचें आजचें वर्षाचें पाणी पावणेआठ टीएमसीच्या आसपास भरतें. म्हणजे अशा साडेपांच शहरांस पुरेल इतकें पाणी.

यावर कोणी एकदम "टाटांचें पाणी बंद करा" अशी आरोळी ठोकील, तर आम्ही त्याच्या सुरांत सूर मिळविणार नाहीं. कोंकणांत पडलेलें हें पाणी समुद्रांत फुकट जातें असें नव्हे. भिवपुरीचें पाणी उल्हास नदीस मिळतें, आणि उल्हासेच्या कांठीं बदलापूर, कल्याण, उल्हासनगर अशीं दाट वस्तीचीं शहरें तहान भागवितात. खोपोलीचें पाणी पाताळगंगेस जातें, भिऱ्याचें कुंडलिकेस. त्या दोन्ही नद्यांवर कारखाने आहेत, शेती आहे. शंभर वर्षांत तेथें जो संसार उभा राहिला तो एका फर्मानानें मोडतां येणार नाहीं, मोडूंहि नये. मुंबईची वीज अडली असतां हीं जनित्रें कांहीं मिनिटांत चालू होतात, हा लाभहि लहान नव्हे.

तरीपण हिशेब तर करूं. भिऱ्यास पाणी सुमारें पांचशें मीटर उंचीवरून पडतें. तेवढ्या उंचीवरून हजार लिटर पाणी खालीं आलें कीं त्यापासून साधारण एक युनिट वीज निघते, फार तर त्याहून थोडी अधिक. एक युनिट विजेस आपण काय मोजतों आणि उन्हाळ्यांत टँकरवाल्यास हजार लिटरांस काय मोजतों, हें आमच्या वाचकांनीं घरच्या बिलांवरून स्वतःच ताडून पाहावें. १९१५ सालीं या प्रांतांत विजेचा दुसरा स्वस्त मार्ग नव्हता आणि पुण्याच्या वायव्येस तहानलेलें शहरहि नव्हतें. म्हणून तो सौदा त्या काळीं शहाणपणाचा ठरला असेल. आज दिवसा सूर्याची वीज मुबलक होऊं लागली आहे, आणि उणीव आहे ती संध्याकाळच्या विजेची. त्यासाठीं उपाय निघाला आहे तो असा कीं, खालीं पडलेलें पाणी दिवसा पुन्हां वर चढवावें आणि सायंकाळीं पुन्हां पाडावें. भिऱ्यास १५० मेगावॉटचें असें जनित्र चालतें. २०२३ च्या ऑगस्टांत टाटा कंपनीनें शिरवता येथें १,८०० आणि भिवपुरी येथें १,००० मेगावॉटच्या अशाच योजनांविषयीं राज्य सरकारशीं करार केला. तेंच पाणी रोज वर-खालीं फिरणार असेल, तर वीज मिळविण्यासाठीं दरसाल नवें पाणी एकाच दिशेनें खालीं सोडण्याची गरज कांहीं अंशीं कमी व्हावयास नको काय? कमी झाली तर किती, आणि उरलेलें पाणी इंद्रायणी, आंद्रा व मुळा यांच्या पूर्वेच्या पात्रांत सोडतां येईल काय? आम्ही जलविद्युतेचे तज्ज्ञ नाहीं. पण करार सरकारशीं झालेला आहे, नद्या लोकांच्या आहेत, आणि हा प्रश्न विचारण्याची वेळ कामें पुरीं होण्यापूर्वींची आहे. मागाहून विचारला तर "आतां कांहीं करतां येत नाहीं" हें ठरलेलें उत्तर मिळेल. मुळशीचे दरवाजे पुरांत उघडले म्हणजे तें पाणी मुळेंतून वाकड, सांगवी, दापोडीस येतें, म्हणजे पूर्वेकडची वाट त्या पाण्यास ठाऊक आहे. पुराचें पाणी आमचें आणि उन्हाळ्याचें दुसऱ्याचें, असा विचित्र वाटा सध्यां आमच्या पदरीं आला आहे.

चाकणच्या बाजूची कथा थोडक्यांत सांगण्याजोगी आहे, कारण ती मावळच्याच कथेची नक्कल आहे. खेड तालुक्यांत भामा नदीवर भामा-आसखेडचें धरण झालें तें शेतीस पाणी देण्याच्या बोलीनें. पुढें तें शहरांच्या वांट्यास गेलें. पुणें शहरानें पूर्व भागासाठीं २०२१ च्या जानेवारीपासून तेथलें पाणी घेतलें. पिंपरी-चिंचवडसाठीं दररोज १६७ दशलक्ष लिटरांचा वांटा ठरला, आणि आंद्रा धरणांतून आणखी १०० दशलक्ष. धरणग्रस्त येथेंहि मोबदल्यासाठीं रस्त्यावर आले. आंद्र्याचें पाणी नदीतून खालीं येतें आणि निघोजे येथें इंद्रायणींतून उचलून चिखलीस शुद्ध करतात. याच इंद्रायणीवर खालीं आळंदीस फेस तरंगतो, त्याचीं छायाचित्रें गेल्या कांहीं वर्षांत साऱ्या देशानें पाहिलीं. वारकरी तीर्थ म्हणून ओंजळींत घेतो तें पाणी कोणाच्या नळांतून वा नाल्यांतून तेथें आलें, याची जबाबदारी गांवें कारखान्यांवर, कारखाने शहरावर आणि शहर वरच्या गांवांवर ढकलतें.

ज्या खात्याकडे कोणी पाहत नाहीं तें खातें हेंच. शहरास दिलेल्या पाण्याचा सुमारें ऐंशी टक्के भाग मैलापाणी होऊन परत निघतो असें इंजिनेर धरतात. ६०० दशलक्ष लिटरांवर तें ४८० दशलक्ष लिटर होतें. आंद्रा व भामा-आसखेड या दोन्ही धरणांचा मिळून वांटा २६७ दशलक्ष लिटर आहे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या गटाराच्या पाण्याची किंमत कळते. मोटारी धुण्यास, शीतकरणाच्या मनोऱ्यांस, बागांस, इमारतींच्या बांधकामास पिण्याचें पाणी लागत नाहीं; नीट शुद्ध केलेलें हें परतीचें पाणी चालतें. भोसरी, तळवडे, चाकण येथील कारखान्यांपर्यंत त्यासाठीं वेगळा नळ न्यावा, आणि तो नेल्यावर त्या कामासाठीं नदीचें पाणी वापरणाऱ्या कारखान्यास दर असा लावावा कीं त्यानें आपण होऊन परतीच्या पाण्याकडे वळावें. यास कारखानदारांचा विरोध होईल, हें आम्ही जाणून आहों. पण पवनेच्या कांठीं ज्या दिवशीं पंप बंद ठेवण्याचा हुकूम निघतो त्या दिवशीं शेतकऱ्यास कोणी विचारीत नाहीं, तेव्हां कारखानदारांस एवढें सोसावें लागलें तर तो अन्याय म्हणतां येणार नाहीं.

२००५ च्या कायद्यानें राज्यांत जलसंपत्तीच्या नियमनासाठीं प्राधिकरण आहे. पाण्याचे वांटे व ठोक दर ठरविण्याचा अधिकार त्यास आहे. पवना, आंद्रा, भामा-आसखेड आणि घाटमाथ्यावरचीं टाटांचीं धरणें यांचा एकत्र ताळेबंद त्यानें दर वर्षीं मराठींत प्रसिद्ध करावा, आणि त्यांत शहर, कारखाने, शेती, वीज व नदीचें स्वतःचें पाणी अशीं वेगळीं खातीं असावींत. जलाशयांचें वर्षाचें नियोजन १५ ऑक्टोबरच्या सांठ्यावरून ठरत असतें. ताळेबंद त्यापूर्वीं लोकांच्या हातीं पडला, तर कालवा सल्लागार समितीच्या बैठकींत मावळचा शेतकरी आणि चिंचवडचा भाडेकरू दोघेहि आंकडे घेऊन बोलूं शकतील. महापालिकेस तर कोणाच्या आज्ञेची वाट पाहण्याचेंहि कारण नाहीं. रावेतला आज किती पाणी उचललें, कोणत्या टांकीस किती दिलें आणि कोणत्या प्रभागास किती पोंचलें, हे तीन आंकडे रोज सकाळीं तिनें आपल्या प्रत्येक प्रभाग कचेरीच्या दाराशीं फळ्यावर लिहावे. मापकें जेथें नसतील तेथें तीं आधीं बसवावीं. आमच्या व्यापारी बंधूंनीं येत्या महिन्यांत आपापल्या प्रभाग कचेरींत जाऊन या तीन आंकड्यांची लेखी मागणी करावी, आणि काय उत्तर मिळालें तें आम्हांस कळवावें. येतील तीं उत्तरें आम्ही याच स्तंभांत छापूं.